‘ऑ’ म्हणजे ऑक्सफर्ड

काल दुपारपासून मी ऑक्सफर्डला चालले आहे. हे ठरवलं माझ्या दातांच्या डॉक्टरांनी. मला सांगितलंही नाही, थेट बाहेर बसलेल्या पेशंटांना सांगितलं. मी ते आतून ऐकलं. डावा गाल बधिर, तोंडात कापसाचे दोन बोळे आणि एक नळी, अशा अवस्थेत माणसाला खुलासा करता येत नाही. आता भूल उतरली आहे. राग उतरलेला नाही.

झालं ते एवढंच. खालची डावी दाढ, रूट कॅनॉल, दुसरं सिटिंग. खुर्चीत आडवी होत होते तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, “काय मग, हल्ली काय चाललंय?” आणि मी खरं उत्तर देऊन बसले. “एम.एस.ला अर्ज करायचेत. कुठे कुठे करायचे ते ठरवतेय.”

“अरे वा! कुठे कुठे?” असं म्हणत त्यांनी सुई टोचली.

दातांचे डॉक्टर प्रश्न नेमका आपलं तोंड अडकल्यावरच का विचारतात, हे मला आजवर कळलेलं नाही. ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ म्हणतात, तसा हा तोंड उघडून. मी डोळे मिटून पडून राहायला हवं होतं. पण गेले दोन महिने माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. सहा नावं, तीन रकाने (नाव, गाव, खर्च) आणि एक एक्सेलची फाइल, जिचं नाव आता ‘अंतिम यादी अंतिम 4’ असं झालं आहे. कोणीही विचारलं की मी सुरू होते. कालही झाले.

“इ-इ-ऑय,” मी म्हणाले.

डॉक्टरांचा हात थांबला. “हनोई? व्हिएतनाममध्ये कशाला?”

मी मान हलवली. तोंडात यंत्र असताना मान हलवायची नसते, हे त्यांनी जरा चढ्या आवाजात सांगितलं. तेव्हा नळी धरून उभी असलेली मदतनीस बाई म्हणाली, “सर, ताई इलिनॉय म्हणताहेत.”

मी कृतज्ञतेने तिच्याकडे पाहिलं. “आठ वर्षं झाली इथे,” ती मला म्हणाली, “आ केलेल्या माणसांचं मला सगळं कळतं.”

“इलिनॉय?” डॉक्टर विचारात पडले. “नाही बुवा ऐकलं कधी. पुढे?”

एवढंच. दोन महिन्यांचा अभ्यास, अमेरिकेतल्या त्या विद्यापीठाच्या सांख्यिकी विभागातल्या निम्म्या प्राध्यापकांचे शोधनिबंध, माजी विद्यार्थ्यांना पाठवलेले लाचार मेल, सगळं ‘नाही बुवा ऐकलं’मध्ये निकालात. मी दुसरं नाव घेतलं. परड्यू, तेही अमेरिकेतलंच. बधिर ओठांनी ‘प’ निघत नाही, आणि जीभ दाबून धरलेली असेल तर ‘र’ आणि ‘ड’ही निघत नाहीत, हे मला काल कळलं.

“अ-अ-ऊ.”

मदतनीस बाई पहिल्यांदाच चाचरली. “हे... पेरू असावं, सर.”

“पेरूत युनिव्हर्सिटी आहे?” डॉक्टर हसले.

आहे. लिमाची सान मार्कोस. 1551 सालची, म्हणजे हार्वर्डच्या 85 वर्षं आधीची. मला हे तिथल्या तिथे सांगायचं होतं आणि माझ्या तोंडातून फक्त फेस आला. मदतनीस बाईने तो नळीने ओढून घेतला. एखाद्या मुद्द्याचं इतक्या अक्षरशः शोषण झालेलं मी पाहिलेलं नाही.

तिसरं नाव म्युनिक. “यू-इ.”

“यूके!” डॉक्टर खूश झाले. “आता कसं! यूकेत कुठे?”

आणि तेवढ्यात ते आतलं सुईसारखं जे काय होतं ते नेमकं नसेला लागलं.

“ऑऽऽ!”

“ऑक्सफर्ड!” डॉक्टर जवळजवळ ओरडले. “अगं मग हे आधी नाही का सांगायचं? उगाच हनोई नि पेरू करत बसलीस!”

“सर, त्यांना दुखलं बहुतेक,” मदतनीस बाई हळूच म्हणाली. तिचं कोणी ऐकलं नाही. डॉक्टर दारापर्यंत जाऊन काउंटरवरच्या मुलीला सांगत होते, “ही आपली पेशंट ऑक्सफर्डला निघाली बरं का!” बाहेर कवळीच्या मापासाठी बसलेले एक आजोबा उठून आत डोकावले आणि म्हणाले, “अभिनंदन, बाळ. मोठं नाव आहे.” मी डोळ्यांतलं पाणी पुसत होते. ते त्यांनी आनंदाश्रूंच्या खाती जमा केलं.

डोळ्यांत पाणी का होतं, ते एकट्या मदतनीस बाईला माहीत होतं. जाताना तिने माझा दंड दाबला. या सगळ्या प्रकरणात कोणी माझं ऐकलं असेल तर ते तिने.

रात्री बर्फाची पिशवी गालाला लावून मी विचार करत होते, की डॉक्टरांचं नक्की चुकलं काय? नावाची पत म्हणजे दुसरं काय असतं? नुसत्या एका स्वरात, कण्हताना, लाळ गळत असतानाही जे ओळखू येतं ते मोठं नाव. ऑक्सफर्डमध्ये 1096 च्या सुमारास शिकवणं चालू होतं म्हणतात. नऊशे वर्षं नाव चालवलं की लोक पहिल्या अक्षरालाच उठून उभे राहतात. परड्यू 1869 ची. नील आर्मस्ट्राँग तिथला, पण अजून ‘प’ उच्चारल्याशिवाय तिचं काही खरं नाही.

ज्या रँकिंगच्या याद्या मी दोन महिने पोथीसारख्या वाचते आहे, त्या तरी वेगळं काय करतात? क्यूएस नावाच्या कंपनीच्या जागतिक यादीत 30 टक्के गुण प्राध्यापकांना विचारून दिले जातात आणि 15 टक्के नोकऱ्या देणाऱ्यांना विचारून. म्हणजे शंभरातले 45 गुण ‘तुमच्या मते चांगलं कोण?’ या प्रश्नाला. आणि जे कधी ऐकलंच नाही त्याला कोणी चांगलं म्हणत नाही. हा माझ्या डॉक्टरांचाच प्रश्न, फक्त खुर्च्या जास्त. बरं, ही वजनंही पक्की नसतात. 2023 च्या आवृत्तीपर्यंत प्राध्यापकांच्या मताला 40 टक्के होते, ते 2024 च्या आवृत्तीत 30 वर आणले, आणि एक नवी वीट न रचता काही विद्यापीठं वर चढली, काही खाली आली. मला हसू आलं, कारण मीही माझ्या फाइलमध्ये हेच करते. नावाला 40, गावाला 30, खर्चाला 30 अशी वजनं लावली की नकोसं उत्तर येतं. मग खर्चाचे दहा काढून नावाला द्यायचे. सांख्यिकीची विद्यार्थिनी असून. ते उघडपणे करतात, मी दार लावून करते.

2022 साली तर कोलंबिया विद्यापीठाचे स्वतःचेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस आकडे तपासायला बसले आणि म्हणाले, आपण अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध यादीसाठी दिलेले आकडे जुळत नाहीत. त्याच वर्षी कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर आलं. वर्ग तेच, लायब्ररी तीच, फीसुद्धा तीच. फक्त आदल्या वर्षी तिथे गेलेल्या पोरांनी नातेवाइकांना सांगितलेला आकडा खोटा पडला.

हे सगळं मला कळतं. तरीही डॉक्टर “नाही बुवा ऐकलं” म्हणाले तेव्हा माझं इलिनॉयवरचं प्रेम दोन टक्क्यांनी कमी झालं. खोटं कशाला बोलू. त्याचाच राग जास्त आहे.

वास्तविक इलिनॉयच्या प्रेमात मी पडले ती गावामुळे. तिथे मॉरो प्लॉट्स नावाचं मक्याचं शेत आहे, 1876 पासून प्रयोगासाठी राखलेलं, विद्यापीठाच्या ऐन मध्यावर. 1969 मध्ये त्याच्या शेजारी लायब्ररी बांधायची वेळ आली, तेव्हा मक्यावर सावली पडेल म्हणून अख्खी लायब्ररी दोन मजले जमिनीखाली बांधली. जे विद्यापीठ मक्याच्या उन्हासाठी पुस्तकं जमिनीत घालतं, ते माझ्यासारखीलाही सांभाळून घेईल, असं मला वाटलं. आता हा मुद्दा कुठल्या रकान्यात टाकायचा? ‘गाव’खाली मी ‘मका’ एवढंच लिहून ठेवलं आहे.

गावाच्या बाबतीत जो तो सल्ला देतो आणि तो नेहमी हवेबद्दल असतो. थंडी सोसेल का? सोसेल. यादीत चौथं नाव नॉर्वेतल्या ट्रॉम्सोचं आहे, जिथे नोव्हेंबरच्या अखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्यच उगवत नाही. ते मी घातलं, कारण तिथे शिक्षण फुकट असं वर्षानुवर्षं ऐकत आले होते. माझी पाळी येईपर्यंत, म्हणजे 2023 पासून, त्यांनी युरोपाबाहेरच्यांना फी लावली. म्हणजे आता तो अंधारही विकत घ्यायचा.

जर्मनीचंही तेच. “तिकडे फुकट असतं ना?” हे वाक्य ज्या ज्या माणसाने मला ऐकवलं, त्याला मी एकदा ओळीत उभं करणार आहे. हायडलबर्ग ज्या राज्यात आहे तिथे युरोपाबाहेरच्यांना 2017 पासून सेमिस्टरला 1500 युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024 च्या हिवाळ्यापासून मास्टर्सला सेमिस्टरचे 4000 ते 6000 लावले. आणि जिथे खरंच फी नाही तिथेही व्हिसासाठी आधी वर्षाचे 11,904 युरो एका खात्यात अडकवून दाखवायचे, मग त्यातले दरमहा 992 आपलेच आपल्याला परत मिळणार. पैसे आपले, खातं आपल्या नावाचं, आणि काढायची परवानगी दुसऱ्याची. हे वाचल्यावर बाबा नुसतं “हं” म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. ते चष्मा पुसतात तेव्हा त्यांना काहीतरी बोलायचं नसतं.

अर्जाची फी तर मला आजही पचत नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डला मास्टर्सच्या एका अर्जाला 125 डॉलर. इतर ठिकाणी कमी, पण फुकट क्वचितच. हे प्रवेशाचे नाहीत. ‘खेदाने कळवतो’ असं कळवून घेण्याचे आहेत. घरी कोणी पैसेवालं असेल तर वीस ठिकाणी खेद मागवता येतो. मी दोन वर्षं लहान मुलांच्या गणिताच्या शिकवण्या करून साठवले ते सहा खेदांना पुरतात. म्हणून सहा नावं. लोक मला विचारतात, सहाच का? जरा जास्त घाल, कुठेतरी लागेल. जणू मी लाजतेय म्हणून कमी घेतेय.

काल रूट कॅनॉलचं बिल झालं ते अंदाजे एका अर्जाएवढं. म्हणजे आता पाच.

आज सकाळी आईला शेजारच्या काकूंचा फोन आला. आजोबा त्यांचे कोणीतरी लागत होते. “अगं, आम्हाला सांगायचं तरी, ऑक्सफर्ड म्हणजे काय थोडं आहे!” आईने मला खुलासा विचारला, मी दिला, आणि आई थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, “पण मग करून का नाही बघत ऑक्सफर्डला?” आता हिला काय सांगू, की मी ‘आई गं’ म्हणायच्या बेतात होते आणि ‘ऑ’पाशीच अडकले.

पुढच्या मंगळवारी दाढेवर कॅप बसवायची आहे. डॉक्टर विचारणारच, “काय मग ऑक्सफर्ड?” खरं सांगायचं तर पुन्हा हनोईपासून सुरुवात. खोटं बोलवत नाही. म्हणून काल रात्री झोप येईना तेव्हा मी नकाशा उघडला आणि मला एक विद्यापीठ सापडलं. नाव मियामी. फ्लोरिडातल्या मियामीशी काही संबंध नाही. हे 1809 मध्ये स्थापन झालं, तेव्हा फ्लोरिडा अमेरिकेत आलंसुद्धा नव्हतं. ते आहे ओहायो राज्यात, आणि ज्या गावात आहे त्या गावाचं नाव ऑक्सफर्ड.

अर्ज करीन न करीन, पाचांतला एक घालवावा की नाही ते पैशांचं बघून ठरवेन. पण मघाशी आरशासमोर उभी राहून, तोंड पूर्ण उघडून, जीभ बोटाने दाबून मी एकेक नाव म्हणून पाहिलं. इलिनॉय नाही. परड्यू नाही. म्युनिक तर नाहीच.

ओहायो स्वच्छ येतं.