पेनसिल्व्हेनिया तोंडपाठ, विधानभवन ऑप्शनला

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे. कंटाळा येणाऱ्यांनी लाइक टाकून पुढे जावं, मी काही म्हणणार नाही.

दुपारी आमच्या ग्रुपचं जेवण होतं. मंडळी सगळी आपलीच. पेपर वाचणारी, मतदानाच्या दिवशी सकाळी सातला रांगेत उभी राहून शाईच्या बोटाचा फोटो टाकणारी. विषय अमेरिकेवर गेला, जाणारच, निम्म्यांची मुलं तिकडे आहेत. मग एक मित्र सुरू झाला (नाव लिहीत नाही, तो वाचणार आहे). पेनसिल्व्हेनिया! १९ इलेक्टोरल मतं. २०१६ ला ट्रम्प ४४ हजारांनी, २०२० ला बायडन ८० हजारांनी, २०२४ ला परत ट्रम्प १ लाख २० हजारांनी. इरी काउंटी कशी २००८ पासून दर वेळी जिंकणाऱ्याच्या बाजूला असते, बक्स काउंटीत काय झालं, फिलाडेल्फियाच्या उपनगरांतल्या बायका काय विचार करतात. सगळं पाठ. बाकीचे भाताचे घास हातात धरून ऐकतायत.

मी म्हटलं, "बरं, आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीत महाराष्ट्राने कुणाला किती मतं दिली?"

कुणी बोलेना. मग एक जण, "आपण कुठे मत देतो त्यात?" मग दुसरी, "अगं ते रबर स्टँपचं ना? ते ठरलेलंच असतं." आणि मग तो ठेवणीतला विनोद बाहेर आला, "प्रतिभाताई वगैरे!" (प्रतिभाताई पाटील, २००७ ला झालेल्या आपल्या पहिल्या महिला राष्ट्रपती.) आणि हशा. अख्खं टेबल हसलं. जिने आयुष्यभर स्त्री-प्रश्नावर कविता केल्या तीसुद्धा हसली.

तर आता ऐका. राष्ट्रपती निवडतात आपले आमदार आणि खासदार, आणि त्यांच्या प्रत्येक मताला ठरलेलं वजन असतं, त्याला मतमूल्य म्हणतात.

महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आहे. तुमच्या आमदाराच्या, ज्याचे वाढदिवसाचे फ्लेक्स तुम्ही रोज शिव्या देत बघता, त्याच्या. २८८ आमदार, म्हणजे ५०,४०० मतमूल्य. त्यात आपले ४८ लोकसभेचे आणि १९ राज्यसभेचे खासदार धरा, २०२२ ला त्यांचं मूल्य प्रत्येकी ७०० होतं. देशाच्या एकूण १० लाख ८६ हजारांतलं जवळजवळ नऊ टक्के वजन एकट्या महाराष्ट्राचं. आणि हे १७५ आलं कुठून? १९७१ च्या लोकसंख्येवरून. तेव्हा आपण पाच कोटी होतो. २०११ मध्ये सव्वाअकरा कोटी झालो, पण २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत हिशोब तोच गोठवलेला. त्यामागचं कारण मला पटतं: ज्यांनी कुटुंबनियोजन नीट केलं त्या राज्यांना शिक्षा नको. पण २०११ चे आकडे लावले तर हे मूल्य ३९० होतं, हे तुमच्यापैकी एकाला तरी माहीत होतं का? पेनसिल्व्हेनियाची मतं २० वरून १९ झाली ते मात्र माहीत आहे!

माझं माहेर भुसावळचं हे बऱ्याच जणांना माहीत आहे. बाबा रेल्वेत, आणि जनसंघाचं निशाण पणती होतं तेव्हापासूनचे त्यांचे. आई बोदवडकडची. प्रतिभाताईंचा जन्म नाडगावचा, म्हणजे आईच्या हिशोबात घरचाच. २००७ च्या जुलैमध्ये मी माहेरी होते. १९ तारखेला मतदान झालं, २१ ला मोजणी. आई सकाळची कामं उरकून टीव्हीसमोर, आणि बाबा पेपर उघडून बसलेले, पण पान उलटत नव्हते. भैरोसिंह शेखावत म्हणजे त्यांचा माणूस. उभे अपक्ष म्हणून होते, पण पाठिंबा भाजपचा. उपराष्ट्रपती होते, आणि २००२ ला ते झाले तेव्हा त्यांनी हरवलं होतं आपल्याच सुशीलकुमार शिंद्यांना. तेव्हा बाबांनी पेढे आणले होते. मराठी माणूस हरल्याचे पेढे! आईने तेव्हाच ते लक्षात ठेवलं असणार.

निकाल लागला, ताई जिंकल्या. ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६. आई उठली आणि शिरा करायला घेतला. वाटी पुढे ठेवली तर बाबा म्हणाले, "काँग्रेसचा शिरा मी खात नाही." आई म्हणाली, "रवा तुमच्याच पेन्शनचा आहे."

तेवढ्यात शेजारचा शिवसैनिक आला, पेढ्यांचा पुडा घेऊन. हा मुलगा आणि बाबा प्रत्येक निवडणुकीला युतीच्या प्रचारात एकत्र फिरलेले. बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. तो म्हणाला, "काका, साहेबांचा आदेश. मराठी बाई आहे."

मला सांगायचंय ते एवढंच आहे, की हे त्या दिवशी राज्यभर झालं होतं. शिवसेना एनडीएत होती, अनेक वर्षांची युती होती, आणि बाळासाहेबांनी सरळ सांगितलं की मराठी बाई उभी आहे, मत तिला. २००४ च्या विधानसभेत राष्ट्रवादीचे ७१, काँग्रेसचे ६९ आणि सेनेचे ६२ निवडून आले होते. एकीकडे आघाडी, दुसरीकडे सेना असे समोरासमोर लढलेले हे तीन पक्ष एका नावावर एका पेटीत मत टाकून आले. हे महाराष्ट्राच्या इतिहासात रोज घडतं का? मुंबई महापालिकेच्या पाण्याच्या बिलावर यांचं एकमत होत नाही.

म्हणजे महाराष्ट्र नेहमी मराठी माणसामागे उभा राहतो असं कुणी समजू नका. १९६९ आठवा. व्ही. व्ही. गिरी विरुद्ध काँग्रेसचे संजीव रेड्डी, आणि आपल्याच पक्षाचा उमेदवार असताना "सद्सद्विवेकबुद्धीने मत द्या" म्हणणाऱ्या इंदिराबाई, हे सगळ्यांना माहीत असतं. तिसरा उमेदवार कोण होता? चिंतामणराव देशमुख. आपले सी. डी. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर नेहरूंच्या तोंडावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा टाकणारा माणूस. 'स्वतंत्र' नावाचा पक्ष आणि जनसंघ यांचा त्यांना पाठिंबा होता. देशभरातून मतमूल्य मिळालं १,१२,७६९, तिसरा क्रमांक. विधानसभा काँग्रेसची, काँग्रेसची भांडणं दिल्लीची, आणि आपले आमदार त्या भांडणात कुणाच्या बाजूला उभं राहायचं याच्या चिंतेत. ज्याने महाराष्ट्रासाठी खुर्ची सोडली त्याच्यासाठी महाराष्ट्राने पक्ष सोडला नाही. माझ्या मते सी. डी. हे गिरींपेक्षा कितीतरी मोठे राष्ट्रपती झाले असते, आणि यावर मला वाद घालायचा नाही.

म्हणून २००७ ला मोल आहे. आणि तुम्ही त्यावर हसता.

हो, मला माहीत आहे तुम्ही काय लिहिणार आहात. त्यांच्या नावाची महिला बँक बुडाली, परदेश दौऱ्यांचा खर्च २०५ कोटींवर गेला, निवृत्तीनंतरच्या बंगल्यासाठी पुण्यात लष्कराची जागा घेतली आणि बोंब झाल्यावर सोडली. खरं आहे. बास. पण हा हिशोब तुम्ही पुरुषांचा इतका नेमाने ठेवता का? आणि "सोनियांनी बसवली" म्हणता. मग बाकीच्यांना कुणी बसवलं? राष्ट्रपती आकाशातून पडतात का? आधी नाव चाललं होतं शिवराज पाटलांचं, तेही आपल्या लातूरचे, डाव्यांनी नाही म्हटलं. मग ताईंचं आलं. प्रत्येक वेळी असंच येतं. कलामांचं तरी कसं आलं होतं? दोन पक्षांच्या सोयीतूनच ना?

बाबा दिवसभर बोलले नाहीत. आईने ती वाटी तशीच झाकून ठेवली. मी तेव्हा आईला वैतागून म्हटलं, की एवढं काय त्या बाईचं, तुला काय देणार आहे ती. तेव्हा तिने सांगितलं. ती शाळेत असताना ताई प्रचाराला आल्या होत्या. १९६२ ला त्या सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून आमदार झाल्या, पुढे एदलाबादमधून सलग चार वेळा. गावात पारावर पुरुष बसलेले असायचे, आणि पारासमोरून जाताना बायका पायातल्या वहाणा हातात घ्यायच्या. आईने बघितलं की जीपमधून एक बाई उतरली, डोक्यावर पदर, पायात चपला, तशीच पारापर्यंत चालत गेली, आणि पारावरचे सगळे उठून उभे राहिले. "मी तेवढंच पाहिलं," आई म्हणाली, "ती काय बोलली ते मला ऐकूसुद्धा आलं नाही."

आता यावर हसा.

नाही, मी जरा शांत होते. चहा केला मधे. राग तुमच्यावर आहेही आणि नाहीही. कारण आपल्याला कळेल अशी सोयच ठेवलेली नाही. हे मतदान गुप्त. पक्षाला व्हिप काढता येत नाही, पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून आमदारकी जात नाही. आमदारांची मतपत्रिका गुलाबी, खासदारांची हिरवी, निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेननेच आकडा लिहायचा, स्वतःच्या पेनने लिहिला तर मत बाद. मतपेटीला विमानात स्वतंत्र तिकीट असतं, "मिस्टर बॅलट बॉक्स" या नावाने! हे मी बनवून सांगत नाहीये. पेटी पुढच्या रांगेत बसून मुंबईहून दिल्लीला जाते. एवढा बडेजाव, आणि ज्याच्या जिवावर तो आमदार तिथे उभा आहे त्या मतदाराला काय कळतं? बेरीज. फक्त राज्याची बेरीज.

आणि ती बेरीजसुद्धा कुणी बघत नाही, खरं दुखणं हे आहे. २०१७ ला महाराष्ट्रातून भाजपच्या कोविंदांना २०८ मतं पडली आणि काँग्रेसच्या मीराकुमारांना ७७. काँग्रेस ४२ आणि राष्ट्रवादी ४१, झाले ८३. वर समविचारी म्हणवणारे वेगळेच. मग बाकीची मतं कुठे गेली? विधानभवनातल्या कँटीनमध्ये? दोन दिवस बातम्या आल्या, मग सगळे गप्प. तुमच्या त्या इरी काउंटीत सहा मतं इकडची तिकडे झाली असती तर तुम्ही मला नकाशा काढून दाखवला असता.

२०२२ तर याहून कहर. जूनमध्ये सेना फुटली. सुरत, गुवाहाटी, "काय झाडी, काय डोंगार", सगळं तुम्ही मिनिटामिनिटाला पाहिलंत. चिन्ह कुणाचं, पक्ष कुणाचा, बाळासाहेब कुणाचे, सगळ्यावर भांडण. आणि १८ जुलैला दोन्ही सेनांनी मत कुणाला दिलं? मुर्मूंना! दोघांनीही! उद्धव ठाकरे आघाडीत असून आघाडीचे यशवंत सिन्हा त्यांनी सोडले. राज्याचा निकाल मुर्मू १८१, सिन्हा ९८. आता याला कुणी खासदारांचा दबाव म्हणतं, कुणी म्हणतं आदिवासी महिलेला विरोध कसा करायचा. असेल दोन्हीही. आणि सेनेला राष्ट्रपतीच्या वेळी स्वतःच्या आघाडीपेक्षा वेगळं जायची खोडच आहे. २००७ ला ताई, २०१२ ला भाजप पी. ए. संगमांच्या मागे असताना काँग्रेसचे प्रणब मुखर्जी, २०२२ ला मुर्मू. तीनदा! एखाद्या अमेरिकन राज्याने असं केलं असतं तर आमच्या मित्राने त्यावर स्लाइड्स केल्या असत्या.

मुर्मू जिंकल्या त्या दिवशी मला आईची फार आठवण झाली. ती असती तर तिने नक्की शिरा केला असता, आणि या वेळी बाबांनी मागून घेतला असता, कारण बाई भाजपची. त्या २००७ च्या रात्रीचं राहिलंच सांगायचं. रात्री उशिरा स्वयंपाकघरात खुडबुड झाली म्हणून मी उठले, तर बाबा ओट्याशी उभे राहून झाकलेल्या वाटीतला शिरा खात होते. मला बघून म्हणाले, "साखर जास्त झालीय." आणि सगळा संपवला. दुसऱ्या दिवशी पेपरात ताईंचा फोटो होता, तो त्यांनी आईला स्वतः दाखवला, वर एक टोमणा मारून. ("शेवटी सासरचे शेखावतच." ताईंचे यजमान देवीसिंह शेखावत, त्यामुळे बाबांना तेवढाच आधार.)

पुढची निवडणूक २०२७ च्या जुलैत आहे. आत्ताचीच विधानसभा मत देणार. भाजप १३२, शिंदेंची सेना ५७, अजितदादांची राष्ट्रवादी ४१ असे निकाल लागलेली ही विधानसभा, त्यामुळे "ठरलेलंच असतं" हे या वेळी खरंही असेल. असू दे. तरी मी माझ्या आमदाराला पत्र लिहिणार आहे, की तुमच्या त्या १७५ मध्ये माझा वाटा आहे, तुम्ही कुणाला आणि का मत देणार ते आधी सांगा. तो म्हणेल मतदान गुप्त असतं. मी विचारणार, पक्षाला सांगितलंत ना? मग मला सांगायला काय झालं?

पत्राचा मसुदा उद्या इथेच टाकते. ज्यांना आपापल्या आमदाराला पाठवायचाय त्यांनी कॉपी करा, खाली माझं नाव राहिलं तर खोडा.