न शिवणारा ब्रश

एअरब्रशचं मोठं कौतुक असं सांगतात की तो कापडाला शिवत नाही, हवेच्या जोरावर रंग लांबूनच फवारतो. भाच्याच्या टी-शर्टवर सिंह काढून द्यायचं मी कबूल केलं तेव्हा मला हे फार सोज्वळ वाटलं होतं. शिवायचंच नाही, तर बिघडणार काय? पण हा गृहस्थ कापड सोडून बाकी सगळ्यांना शिवतो. चष्म्याला, पंख्याच्या पात्यांना, आणि 'कुठवर आलं?' विचारायला जो दार उघडेल त्याला. तोंडावर मास्क लावायला सांगतात ते उगाच नाही.

रंगवण्याआधी टी-शर्ट धुवायचा. नवाकोरा असला तरी धुवायचा, कारण त्याला खळ असते आणि खळीवर रंग नीट धरत नाही. मग वाळवायचा, इस्त्री करायची, आत पुठ्ठा सरकवायचा, नाहीतर छातीवरचा सिंह पाठीतून डोकावतो. एवढं होईतो दुपार कलते आणि आपण कलेच्या नावाखाली फक्त धुणं केलेलं असतं.

मग स्टेन्सिल, म्हणजे आकार कापून काढलेला कागद. सिंह निमूटपणे कापून घेतो, छळतात ती अक्षरं. भाच्याला खाली 'बब्बर' हवं होतं. अक्षर कापलं की 'ब'चं पोट गळून पडतं, तेही मधल्या तिरक्या रेघेमुळे दोन तुकड्यांत. शाळेत एकट्या 'ष'ला पोटफोड्या म्हणून बदनाम केलं, 'ब' मात्र साळसूदपणे सुटला. पोट जागच्या जागी राहावं म्हणून मध्ये बारीक पट्ट्या सोडाव्या लागतात. कडा घट्ट चिकटवाव्या लागतात, नाहीतर रंग खालून शिरतो आणि अक्षरांना दाढी येते. शिवाय फवारा सरळ समोरून मारायचा. तिरका मारला की तो कडेखाली घुसलाच.

आता खुद्द यंत्र. खटका खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग; दोन्ही एकाच बोटाने. आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग, मग हवा. क्रम चुकला की तो शिंकतो. अमेरिकेतल्या एबनर पीलर यांनी १८७० च्या दशकात पहिला एअरब्रश जुळवला, तो जुना चमचा आणि शिवणयंत्राची सुई वगैरे वापरून. त्यामुळे रंग ढवळायला मी स्वयंपाकघरातला चमचा उचलला, तेव्हा मी फक्त परंपरा पाळत होतो. घरच्यांना परंपरेचं वावडं आहे.

रंग दुधाइतका पातळ हवा, कारण त्याला जायचं असतं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या भोकातून. कापडासाठी हवेचा दाब ४० पीएसआयच्या आसपास ठेवतात, म्हणजे साध्या मोटारीच्या चाकात भरतात त्याहून जास्त. एवढा जोर मागे असूनही त्या भोकातल्या सुईच्या टोकावर रंगाचा कण वाळला की सगळं ठप्प. टोक हळूच पुसायचं, कारण सुई एकदा वाकली की फवारा आयुष्यभर वाकड्यात शिरतो. त्यात भाच्याला टी-शर्ट हवा काळा. काळ्यावर पिवळा दिसत नाही, म्हणून आधी दाट पांढऱ्याचा थर द्यायचा. हा पांढरा म्हणजे सगळ्या रंगांतला सर्वांत तुंबणारा प्राणी. प्रत्येक रंग बदलताना वाटी धुवा, सुई पुसा, स्वच्छ पाणी फवारून बाहेर काढा. माझ्या अंदाजाने ही चित्रकला नसून भांडी घासण्याची शाखा आहे.

जवळून जास्त रंग सोडला की थेंबाला चहूकडे कोळ्यासारखे पाय फुटतात. सिंहाच्या नाकाशी असे पाय फुटले. सगळ्यांनी त्यांना मिशा समजून वाहवा केली. मी नम्रपणे मान हलवली.

शेवटी वर बटर पेपर ठेवून गरम, कोरडी इस्त्री फिरवायची, म्हणजे रंग धुण्यात टिकतो. भाचा तो गरम टी-शर्ट तसाच अंगात घालून पळाला. संध्याकाळी मित्राला घेऊन आला. मित्राला असाच सिंह हवा आहे, अगदी त्याच मिशांचा, आणि खाली स्वतःचं नाव. मी नाव विचारलं.

त्यात पोटफोड्या 'ष' आहे. दोनदा.