रिकाम्या फेऱ्याचे पैसे कोण देणार?

"दिवसाला ९५० पाडतो. पेट्रोल काढलं की सातशेच्या वर खिशात," अ‍ॅपवरून जेवणाची डिलिव्हरी करणारा बारक्या म्हणाला आणि पुण्यात वारज्याच्या कट्ट्यावर वाद पेटला. त्याचा धाकटा भाऊ डिलिव्हरीसाठीच हप्त्यावर नवी गाडी उचलायला निघालाय.

अण्णाचं गॅरेज आहे. तो म्हणाला, "पेट्रोलचं कळतं रे सगळ्यांना. गाडी किती झिजली ते सांग. रोज १०० किलोमीटर धर, वर्षाला ३०,०००. आज ९५,००० ला घेतलेली गाडी तीन वर्षांनी कोण ३०,००० ला घेईल? किलोमीटरमागे ७० पैसे तिथंच गेले. मग ऑइल, टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, क्लच प्लेट, इन्शुरन्स. नाना पेठेतून स्वस्तात पार्ट आणलेस तरी अजून ७० पैसे. पेट्रोल १०४ रुपये धर आणि गर्दीत अ‍ॅव्हरेज ४८. झाले किलोमीटरला साडेतीन रुपये."

"तरी सहाशे उरतात ना! सिक्युरिटीत बारा तास उभं राहून किती मिळतात? वर सुट्टीसाठी सुपरवायझरच्या पाया पडा," बारक्या म्हणाला.

त्याचं हे म्हणणं मला पटतं. घरात काही निघालं तर दुपारी अ‍ॅप बंद करता येतं, ही छोटी गोष्ट नाही. पण सहाशे उरतात ते अकरा तास राबून, आणि त्यात हप्त्याचं व्याज धरलेलंच नाही.

खरा घोळ लांबच्या ऑर्डरीत आहे. बारक्यानंच सांगितलं, रात्री नऱ्ह्याची ऑर्डर पडते, सात किलोमीटर, मिळतात पन्नास. येताना गाडी रिकामी. हॉटेलपर्यंत जायचं अंतर धरलं तर पंधरा किलोमीटर होतात, म्हणजे खर्चच ५२ रुपये. घाम गाळून वर दोन रुपये पदरचे! कंपनी जाण्याचे मोजते, गाडी मात्र येतानाही तेवढीच झिजते. परतीच्या किलोमीटरचे पैसे मिळायलाच हवेत, यावर मी कुणाशीही भांडेन.

कट्ट्यावरच्या मास्तरांनी कायद्याचा विषय काढला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम अशा डिलिव्हरी कामगारांच्या निधीत भरायची तरतूद आहे. चांगलंच आहे, पण त्यानं टायर बदलून मिळत नाही. आणि खाजगी वापराच्या पॉलिसीवर डिलिव्हरी करताना अपघात झाला, तर क्लेम अडकू शकतो, हे किती पोरांना माहीत असतं?

"मग इलेक्ट्रिक घेऊ दे," बारक्या म्हणाला. चार्जिंगचा खर्च किलोमीटरला तीस-चाळीस पैशांच्या आसपास, हे अण्णालाही मान्य. बॅटरी बदलायची वेळ आली तर काय, यावर मात्र दोघांचं जुळेना.

माझं मत मी बारक्याच्या भावाला तोंडावर सांगितलं: शोरूमची पायरी चढू नकोस. घरातली जुनी गाडी घे, चार किलोमीटरच्या आतल्याच ऑर्डरी उचल आणि महिनाभर मीटरचा आकडा रोज लिही. अण्णा म्हणाला, ऑइल तो मजुरी न घेता बदलून देईल. भाऊ अजून शोरूमवाल्याला नाही म्हणालेला नाही.