टूर कंपनीच कशाला हवी?

पन्नाशी उलटलेल्या बाईने पहिला परदेश प्रवास टूर कंपनीबरोबरच करावा, असं एका लेखात वाचलं. मला नाही पटलं. झेंड्यामागे धावत सहा देश बघायचे आणि दुपारी जेवायला पुन्हा पनीर!

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. यंदा एकटीने व्हिएतनामला जायचं ठरवलंय. मुलगा म्हणतो, "आई, आधी दुबई कर." जाऊबाई तर बोलतच नाहीयेत. असो.

व्हिसाचा बाऊ उगाच होतो. ई-व्हिसा तिथल्या सरकारी संकेतस्थळावर स्वतःच काढता येतो. एकदाच प्रवेशाचा असेल तर शुल्क २५ डॉलर. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. एजंट याचेच दामदुप्पट सांगतात. आपल्याकडे पासपोर्टात नावापुढे नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव लागलेलं असतं, तेव्हा अर्जात आणि तिकिटावर अक्षरन् अक्षर तसंच घाला. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी.

खाण्याची काळजी मात्र खरी आहे, कारण नुसत्या भाजीतही माशाचा सॉस असतो. पण तिथले बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, आपल्या एकादशीसारखा. म्हणून मी तिथे पौर्णिमेला पोचेन अशा बेताने अहमदाबादहून निघणार आहे. वर थेपले आहेतच.

हनोईहून निन्ह बिन्हला रेल्वेने कोणी गेलं असेल तर सांगा, तिकीट आधी काढावं की स्टेशनवरच मिळतं?