जाळी नसलेलं तोंड

शाळेच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय. एकाने नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली, फोटो टाकला. अभिनंदन राहिलं बाजूला, पहिला मेसेज आला, "अरे हिला पुढची जाळीच नाही, श्वास कुठून घेणार?" त्यावर दुसरा शहाणा, "इंजिनच नाही, तर गार काय करायचंय?" सकाळी ऑस्लोच्या टी-बानेत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभ्याउभ्या हे वाचतो आणि डोकं फिरतं.

दोघंही चूक. पेट्रोल इंजिन इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा नुसती उष्णता म्हणून घालवतं, त्याला तो जबडा लागायचाच. इलेक्ट्रिक मोटर 90 टक्क्यांच्या आसपास ऊर्जा चाकांच्या कामी लावते. शिवाय जाळीतून शिरलेली हवा आत घोटाळते, गाडीला मागे ओढते, रेंज खाते. म्हणून तोंड बंद. पण रेडिएटर कुठे गेलेला नाही! गुडघ्यावर बसून बंपरखाली बघा. तिथल्या फटीमागेच तो असतो, आणि बऱ्याच गाड्यांत त्याच्यापुढे गरजेप्रमाणे उघडमीट करणाऱ्या झडपा. एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सरही तिथेच. बॅटरी फारच तापली, तर तिचं कूलंट एसीच्याच गॅसवर गार केलं जातं. उन्हाळ्यात फास्ट चार्जरवर माझी गाडी जागच्या जागी अशी घोंघावते की शेजारचा वळून बघतो.

बाकी सगळा सवयीचा प्रश्न. टेस्लाच्या मॉडेल एसला 2012 मध्ये समोर जाळीच्या जागी काळं नाक होतं, 2016 मध्ये तेही काढलं. इकडे त्याचं कुणी सुतक पाळलं नाही. बीएमडब्ल्यूच्या इलेक्ट्रिक आयएक्सची किडनीच्या आकाराची भलीमोठी जाळी तर जवळजवळ बंदच, तिच्यामागे रडार आणि कॅमेरा.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. वर ठणकावलं, "नॉर्वेत 2024 मध्ये विकलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळजवळ 89 टक्के इलेक्ट्रिक होत्या. एकही गुदमरली नाही. जुन्या निसान लीफच्या बॅटरीला तर पाण्याचं कूलिंगही नाही, तरी इथे वर्षानुवर्षं धावतायत."

गाडीवाल्याचं उत्तर एका ओळीचं. "तुझ्याकडे मे महिना असतो का रे?"

लीफचा दाखला द्यायला नको होता. त्याच लीफच्या बॅटऱ्या ॲरिझोनाच्या उन्हात लवकर उतरल्या, 2012 मध्ये मालकांनी बोंब मारली होती. मला ते ठाऊक होतं. सोयीचं नव्हतं, म्हणून गाळलं.

खरं तर इथे जानेवारीत माझी चिंता बॅटरी गार करायची नसतेच, ती ऊबदार ठेवायची असते. एकदा उणे पंधरात तशीच थंडगार गाडी चार्जरला लावली आणि घड्याळाच्या तासकाट्यासारखा सरकणारा आकडा बघत पाऊण तास बसलो. गरमीवर मी कुठल्या तोंडाने बोलतोय? तिकडचा मे मी शेवटचा अनुभवला त्याला अकरा वर्षं झाली. सुट्टी नेहमी डिसेंबरात काढतो, हवा बरी असते म्हणून.

शेवटी त्याला लिहिलं, "मे महिन्यात दुपारी चार्जिंगला लावशील तेव्हा पंख्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठव."

"येतोस का ऐकायला?" त्याने विचारलं.

मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा त्याला दिसल्या असतील. मी अजून उत्तर दिलेलं नाही.