चर्चासत्र संपलं, आता तक्रार कुठे करायची?

"ते सर आमच्या विद्यापीठाचे नाहीत, मी त्या कॉलेजची नाही, आणि चर्चासत्र तर कालच संपलं. मग तक्रार करायची कुठे?"

असा फोन दर हिवाळ्यात कुणा ना कुणाचा येतोच. डिसेंबर ते मार्च हा आपल्याकडे चर्चासत्रांचा हंगाम. निधी मार्चअखेर खर्ची पडायला हवा असतो, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाईलला कार्यक्रम लागतात, शोधनिबंध वाचल्याचं प्रमाणपत्र सगळ्यांनाच हवं असतं. मी लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीवर काम केलंय आणि चर्चासत्रांचं संयोजनही केलंय, म्हणून हा फोन माझ्याकडे येतो. दरवेळी मला संताप एकाच गोष्टीचा येतो. या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे. ते तिला नोंदणी करतानाच मिळायला हवं होतं, आणि ते कुणीही दिलेलं नव्हतं.

एक प्रसंग सांगते. जिचा आहे तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं सगळं वगळलं आहे. पीएच.डी. करणारी, तासिका तत्त्वावर शिकवणारी मुलगी. दुसऱ्या जिल्ह्यातलं दोन दिवसांचं राष्ट्रीय चर्चासत्र. नोंदणी केलेल्या सगळ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केलेला, त्यामुळे तिचा नंबर सगळ्यांना दिसत होता. पहिल्या दिवशीचं सांस्कृतिक संपल्यावर एका ज्येष्ठ पाहुण्यांचा मेसेज आला. पेपरचा विषय छान आहे, थोडं बोलू या, मी गेस्ट हाऊसला आहे. पुढे खोली क्रमांक. तिने उत्तर दिलं नाही. मग दोन मिस्ड कॉल. मग "घाबरतेस का?" असा मेसेज. तिच्या खोलीत आणखी तिघी झोपलेल्या. ती मोबाईल उलटा ठेवून रात्रभर जागी राहिली. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर तेच गृहस्थ पोहे खाता खाता चारचौघांत म्हणाले, "हल्लीच्या मुलांना ज्येष्ठांचा फोन उचलायचीही सवड नसते." टेबलावरचे हसले. दुपारी तिला ज्या सत्रात निबंध वाचायचा होता त्याचे अध्यक्ष तेच.

तिने धीर करून समन्वयकांना गाठलं. ते म्हणाले, "आज समारोप आहे, कुलगुरू यायचेत. आजचा दिवस जाऊ दे, उद्या बघू."

पण चर्चासत्राला 'उद्या' नसतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडप उतरतो, पाहुणे मानधनाचं पाकीट घेऊन गाडीत बसतात, मुलं एसटी पकडतात, आणि संयोजन समितीही हिशेबाचं काम सोडलं तर संपलेली असते. कॉलेजातल्या त्रासाची तक्रार सोमवारी करता येते, कारण सोमवारी सगळे तिथेच असतात. चर्चासत्रात जे करायचं ते त्याच तासात करावं लागतं, आणि नेमक्या त्या तासाला कोणाकडे जायचं हे कुणी ठरवलेलंच नसतं.

तिने नंतर तक्रार केली नाही. का नाही, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. "तो काय तिचा साहेब होता का?" असं मला एका प्राध्यापकांनी विचारलं. साहेब नव्हता, पण साहेबापेक्षा जास्त काही होता. आपल्याकडे एका विषयातली वरिष्ठ मंडळी मोजकीच असतात. प्रबंध बाहेरच्या परीक्षकाकडे जातो तो त्यांच्यातल्याच कुणाकडे. तोंडी परीक्षेला तेच. सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला विषयतज्ज्ञ म्हणून समोर बसणार तेच. नियतकालिकाच्या संपादक मंडळावर तेच. पगार देणाऱ्या साहेबाला कंटाळून नोकरी सोडता येते. विषय कसा सोडणार? दहा वर्षं घालवलेली असतात त्यात. म्हणून ती मुलगी गप्प राहिली, आणि आता चर्चासत्रांना जात नाही. निबंध वाचले नाहीत म्हणून गुण कमी, गुण कमी म्हणून मुलाखतीत मागे. त्या एका रात्रीची किंमत ती अजून फेडते आहे.

आता कायद्याचं. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळविरोधी कायद्यात पीडित स्त्री तिथे नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही. कोणत्याही वयाची, नोकरीत असलेली वा नसलेली, असं स्पष्ट लिहिलं आहे. कामानिमित्त ज्या ठिकाणी जावं लागतं ते ठिकाण, आणि मालकाने त्यासाठी दिलेलं वाहनसुद्धा, 'कामाचं ठिकाण'. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम त्याहून पुढे जातात. क्षेत्रभेटी, शिबिरं, सांस्कृतिक महोत्सव, विद्यार्थी किंवा कर्मचारी म्हणून माणूस जिथे जिथे भाग घेतो ते सगळं विस्तारित परिसरात धरलं आहे. संस्थेत पाहुणा म्हणून आलेल्या बाहेरच्या माणसाने केलेल्या छळाचाही त्यात वेगळा उल्लेख आहे. प्रमुख पाहुणे आणखी कोण असतात?

म्हणजे यजमान कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जाता येतं, आणि आपल्या स्वतःच्या संस्थेच्या समितीकडेही. "तो आमचा कर्मचारी नाही" म्हणून हात वर करणाऱ्यांसाठी डिसेंबर २०२५ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा आहे. दोन वेगळ्या सरकारी खात्यांतल्या अधिकाऱ्यांचं ते प्रकरण होतं. पीडित स्त्रीच्या कार्यालयाची समिती दुसऱ्या कार्यालयातल्या माणसाविरुद्धची तक्रार ऐकू शकते, आणि त्याच्या कार्यालयाने तिला सहकार्य करायचं, असं न्यायालयाने सांगितलं. तिने आपल्याच ओळखीच्या जागी तक्रार करावी आणि त्याच्या गावी, त्याच्या माणसांसमोर जाऊन उभं राहायची सक्ती तिच्यावर नसावी, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. छळणारा संस्थेचा प्रमुखच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. शिवाय पोलिसांचा रस्ता आहेच. नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हा भारतीय न्याय संहितेतला गुन्हा आहे.

मुदत मात्र पक्की लक्षात ठेवा. घटनेपासून तीन महिने, आणि समितीला कारण पटलं तर आणखी तीन. कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध डिसेंबर २०२३ मध्ये तक्रार केली. शेवटची घटना एप्रिल २०२३ मधली धरली गेली आणि तक्रार मुदतबाह्य ठरली. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं. फक्त हा निकाल त्या कुलगुरूंच्या परिचयपत्राचा भाग राहील, असा आदेश दिला. पीएच.डी. करणाऱ्या मुलीला सहा महिने म्हणजे काहीच नाही. धक्क्यातून सावरायला, गाईडला सांगू की नको ठरवायला, घरी कळलं तर शिकणं बंद होईल या भीतीतून बाहेर यायला तेवढे दिवस सहज जातात. माझ्या मते ही मुदत बदलायला हवी. ती बदलेपर्यंत निदान त्याच रात्री सगळं लिहून ठेवा: तारीख, वेळ, कोण होतं, काय शब्द वापरले. मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट काढून एखाद्या विश्वासातल्या माणसाला पाठवा.

पण हा सगळा भार तिच्यावर टाकून आपण संयोजकांनी मोकळं व्हायचं, हे मला मान्य नाही. संयोजकांचं काम दोषी कोण ते ठरवणं नाही, आणि हीच गल्लत बहुतेक ठिकाणी होते. समन्वयक एक तर काहीच करत नाहीत, नाहीतर दोघांना प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसवून "माफी मागा, विषय संपवा" करतात. हा समेट कायद्यात बसत नाही. सलोखा फक्त तिने मागितला तरच, आणि पैसे देऊन तर नाहीच. चौकशी समितीने करायची, रीतसर, दोन्ही बाजू ऐकून. घाई केली तर काय होतं हे गोवा विद्यापीठातल्या प्रकरणात दिसलं. विद्यार्थिनींच्या तक्रारी २००९ मधल्या. समितीने इतक्या घाईत कामकाज उरकलं की मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राध्यापकाच्या बडतर्फीचा आदेश रद्द करून प्रकरण परत पाठवलं. चौदा वर्षांनी! त्याच निकालात न्यायालयाने देशभर ठिकठिकाणी समित्या खरोखर आहेत का ते तपासायला सांगितलं आणि त्यांची माहिती संकेतस्थळावर टाकायला लावली. आपापल्या कॉलेजच्या संकेतस्थळावर जाऊन बघा, त्या यादीतल्या किती जणी अजून नोकरीत आहेत.

चौकशी सावकाश होऊ द्या, सुरक्षितता मात्र तासाभरात देता येते. सत्राचा अध्यक्ष बदलता येतो. त्यासाठी व्यासपीठावर जाहीर काही सांगावं लागत नाही, वेळापत्रकात दोन नावांची अदलाबदल पुरते. तिचा निबंध दुसऱ्या सभागृहात ठेवता येतो. तिची खोली बदलता येते, स्टेशनपर्यंत कुणी सोबत देता येते. पाहुण्यांना "आपण यापुढे कुठल्याही सहभागीला खाजगी संपर्क करू नये" एवढं प्राचार्यांनी शांतपणे सांगता येतं. यातल्या कशानेही कुणी गुन्हेगार ठरत नाही.

आणि काही गोष्टी तर आधीच टाळता येतात. नोंदणीचे नंबर ग्रुपवर उघडे पाडू नका; सूचना ई-मेलने किंवा ब्रॉडकास्टने पाठवा. पाहुण्यांची आणि विद्यार्थिनींची निवासव्यवस्था एकाच इमारतीत करू नका. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला, रात्री गेस्ट हाऊसवर पाणी-चहा पोचवायला एकट्या विद्यार्थिनीला पाठवू नका. स्वागताच्या नावाखाली मुलींना नऊवारी नेसवून तासन्‌तास दारात उभं करायची पद्धत तर आता बंदच व्हावी. त्यांनाही आत बसून बीजभाषण ऐकायचं असतं.

अमेरिकेतल्या खगोलशास्त्रज्ञांनी २०१५ च्या जानेवारीत सिॲटलच्या अधिवेशनात एक सोपी गोष्ट सुरू केली. 'ॲस्ट्रॉनॉमी अलाइज' नावाचे स्वयंसेवक ओळखू येतील असे बिल्ले लावून फिरायचे. रात्री हॉटेलवर परतायला सोबत हवी असेल, किंवा एखाद्याच्या तावडीतून सुटायचं असेल, तर त्यांना हाक मारायची. २०१७ मध्ये अमेरिकन जिओफिजिकल युनियन या भूशास्त्रज्ञांच्या संघटनेने तर छळाला संशोधनातल्या गैरवर्तनात धरलं. ते मला पटतं. दुसऱ्याचे आकडे चोरणाऱ्याला आपण संशोधक मानत नाही, मग दुसऱ्याचं संशोधनच बंद पाडणाऱ्याला शाल-श्रीफळ कसं देतो?

आपल्याकडेही हे काम कुणी केलं नाही असं नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या विशाखा निकालातली मार्गदर्शक तत्त्वं १९९७ ला आली, पण समितीच्या अहवालाला कुणी जुमानत नव्हतं. पुण्याच्या 'आलोचना' या स्त्रीविषयक संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांच्या पत्राची सर्वोच्च न्यायालयाने याचिका करून घेतली, आणि समितीचा अहवाल हाच चौकशी अहवाल मानायचा, हे त्यातून पक्कं झालं. आज प्रत्येक कॉलेजची समिती त्या कष्टांवर उभी आहे.

खोट्या तक्रारींचं काय, हे विचारलं जाणारच. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याचं सिद्ध झालं तर कारवाईची तरतूद कायद्यात आहे, आणि केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. ज्यांना नावं जाहीर होण्याची भीती वाटते त्यांनी ऑक्टोबर २०१७ आठवावा. राया सरकार यांनी छळाचे आरोप असलेल्या प्राध्यापकांच्या नावांची यादी फेसबुकवर टाकली तेव्हा रीतसर मार्ग सोडल्याबद्दल खूप टीका झाली. रीतसर मार्गावर विश्वास उरला नव्हता म्हणून मुली त्या यादीकडे गेल्या, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. बंद दाराआड नीट चौकशी होते आहे असा भरवसा असता तर कुणी फेसबुकवर कशाला आलं असतं?

मुलांनाही त्रास होतो, आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांना तर फारच. आयोगाच्या विनियमांत दोघांचाही उल्लेख आहे. आडनाव विचारून, गाव विचारून, "राखीव का?" म्हणत मुलींशी सलगी करणारेही मी पाहिले आहेत. तिथे जात आणि बाईपण वेगळं काढता येत नाही, आणि समितीवर बसणाऱ्यांना हे कळायला हवं.

आमच्या विभागाच्या येत्या चर्चासत्राच्या माहितीपत्रकात, निवासव्यवस्थेच्या खालीच, हा मजकूर छापणार आहोत:

"या चर्चासत्रात, निवासस्थानी, प्रवासात किंवा फोन-मेसेजवर कुणाकडूनही, पाहुणे आणि संयोजक धरून, लैंगिक स्वरूपाचा त्रास झाल्यास अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्षांशी किंवा खालील दोन सदस्यांशी कोणत्याही वेळी संपर्क साधावा. तातडीची मदत लगेच मिळेल. लेखी तक्रार इथे किंवा आपल्या संस्थेच्या समितीकडे तीन महिन्यांत करता येईल. ती लिहायला मदत केली जाईल. आपलं नाव गुप्त राहील. निमंत्रित पाहुण्यांनी हा मजकूर वाचल्याची लेखी पोच दिली आहे."

कुणाला हवा असेल तर जसाच्या तसा उचला, माझं नाव द्यायची गरज नाही. फक्त खाली नावं आणि नंबर खरे टाका, त्यातली एक व्यक्ती तरी रात्री मुक्कामाला तिथेच ठेवा, आणि पाहुण्यांकडून पोच निमंत्रणपत्रासोबतच मागवा. कार्यक्रमाच्या दिवशी मागितली तर कुणी देत नाही.