"जाड ग्लोव्ज म्हणजे सेफ हात" हे डोक्यातून काढून टाका

तो मेसेज परत फिरायला लागलाय, "चामड्याचे जाड ग्लोव्ज घ्या, जितके जाड तितके सेफ, एकच जोडी सगळ्या कामांना चालते, आणि काम संपेपर्यंत काढायचे नाहीत." वाचायला बरं वाटतं पण यावर विश्वास ठेवून कुणाचं तरी बोट जाईल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"जितके जाड तितके सेफ." नाही. ब्लेड अडवतो तो धागा, जाडी नाही. एचपीपीई (चिवट प्लॅस्टिकचा धागा) किंवा अ‍ॅरामिडचा (केव्हलरसारखा धागा) पातळ विणलेला ग्लोव्ह कापण्याच्या बाबतीत साध्या जाड चामड्याला मागे टाकू शकतो. आणि जाड ग्लोव्हमध्ये वस्तू हाताला नीट कळत नाही, जास्त जोर लावून धरावी लागते, हात भरून येतो, मग बारीक काम आलं की माणूस ग्लोव्ह काढून बाजूला ठेवतो आणि नेमकं तेव्हाच लागतं.

जाडी बघण्यापेक्षा छाप बघा. हातोडीचं चित्र आणि ईएन ३८८ (ग्लोव्हच्या टेस्टचं युरोपियन स्टँडर्ड) लिहिलेलं असेल तर खालचे चार आकडे क्रमाने घासणं, कापणं, फाटणं, टोचणं यांचे, आणि नंतरचं ए ते एफ मधलं अक्षर परत कापण्याचंच. कापण्याचा आकडा ज्या जुन्या टेस्टमधून येतो तिचं गोल ब्लेडच चिवट धाग्यावर बोथट होतं, म्हणून तिथे आकड्यापेक्षा अक्षरावर भरवसा ठेवा. एखाद्या जागी एक्स असेल तर ती टेस्ट केलेलीच नाही असं समजा. आणि टोचण्याचा आकडा चांगला आहे म्हणून इंजेक्शनच्या सुईला भिडू नका, ती टेस्ट जाड टोकाने होते, बारीक सुई विणीतून सरळ आत जाते.

"एकच जोडी सगळ्याला चालते." हे तर फारच धोक्याचं. एचपीपीई कापायला भारी पण साधारण १५० डिग्रीच्या आसपास वितळतं, म्हणजे गरम वस्तूला नको. नायट्राइल (कृत्रिम रबर) तेलाला छान पण अ‍ॅसिटोन (नेलपॉलिश काढायला वापरतात ते) त्यातून पटकन आरपार जातं, तिथे ब्यूटाइल रबर लागतं. चामडं केमिकल शोषून घेतं आणि हाताशीच धरून ठेवतं. १९९६ मध्ये अमेरिकेत डार्टमाउथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरेन वेटरहान यांच्या लेटेक्स ग्लोव्हवर डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिशय विषारी केमिकलचे काही थेंब पडले, नंतरच्या टेस्टमध्ये दिसलं की ते १५ सेकंदांच्या आत ग्लोव्हमधून आत जातं, आणि जून १९९७ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर सल्ला दिला गेला तो पातळ लॅमिनेट (प्लॅस्टिकचे थर एकत्र चिकटवलेल्या) ग्लोव्हचा, त्यावरून एक दणकट ग्लोव्ह. म्हणजे वरचा ग्लोव्ह फाटण्याघासण्यापासून वाचवायला, केमिकल अडवायचं काम त्या पातळ थराचं.

"काम संपेपर्यंत काढायचे नाहीत." हे वाचून मला खरंच राग आला. ड्रिल प्रेस, लेथ, जिथे काहीही फिरतंय तिथे ग्लोव्हचं टोक अडकलं की हात आत ओढला जातो, तुम्हाला मागे घ्यायला वेळच मिळत नाही, आणि ग्लोव्ह जितका दणकट तितका तो फाटून सुटत नाही. तिथे हात मोकळे हवेत. धारदार जॉब (ज्यावर काम करायचं तो तुकडा) लावताना ग्लोव्ह घाला, मशीन चालू करायच्या आधी काढा, आणि चिप्स (कापताना निघालेला धातूचा चुरा) काढायच्या असतील तर मशीन पूर्ण थांबू द्या आणि ब्रश वापरा.